चाकणला गाड्यांचे कारखाने आले, पुढे गावात काय काय झालं (बिडकीनकरांसाठी मुद्दाम)

भामाकाठ

मागच्या आठवड्यात नोकऱ्यांच्या धाग्यावर बिडकीनकडच्या (छत्रपती संभाजीनगरजवळच्या) एका सदस्यांनी विचारलं होतं, की टोयोटाचा गाड्यांचा कारखाना येणार म्हणून आमच्याकडं सगळे खूष आहेत, तुम्ही चाकणवाले सांगा खरं काय ते. तिथं दोन ओळी लिहिल्या पण मन भरलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी पुण्याच्या खेड तालुक्यातला, निघोजे-खराबवाडीच्या पट्ट्यातला. आमची साडेचार एकर एमआयडीसीत गेली तेव्हा मी अकरावीला होतो. त्याआधी चाकण म्हणजे कांद्याचा बाजार, जनावरांचा बाजार, आणि इतिहासात मन असलेल्यांना फिरंगोजी नरसाळ्यांचा संग्रामदुर्ग. एवढीच ओळख. मग बजाज आली, २००९ च्या मार्चमध्ये फोक्सवॅगनचं उद्घाटन झालं (५८ कोटी युरोची गुंतवणूक, तेव्हा पेपरात रोज तेच), त्याच वर्षी मर्सिडीज पिंपरीतून उठून इकडं आली, मागोमाग महिंद्रा. आणि या चार नावांच्या मागं सीट बनवणारे, वायरिंग बनवणारे, प्रेसवाले (पत्रा दाबून पार्ट काढणारे), प्लेटिंगवाले (पार्टवर धातूचा मुलामा देणारे), पावडर कोटिंगवाले, पॅकिंगवाले असे इतके आले की कुरुळीपासून वासुलीपर्यंत शेत शोधावं लागतं आता.

फायदा झाला नाही असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांकडं आज पक्कं घर आहे, ज्याला कुणी पोरगी देत नव्हतं त्याच्या पंधरा खोल्या भाड्यानं आहेत, ग्रामपंचायतींना कंपन्यांची घरपट्टी मिळते ती दुसऱ्या तालुक्यात जिल्हा परिषद गटालाही मिळत नसेल. आमच्या घरात माझी बहीण पहिली बाई जी शिफ्टमध्ये नोकरीला गेली, आणि तिच्या पगारावर माझं डिप्लोम्याचं शेवटचं वर्ष झालं. हे मी विसरणार नाही.

पण इतकी वर्षं बघून माझं मत असं झालंय की मोठ्या कंपनीच्या गेटवर उभं राहून काही कळत नाही. तिथं झाडं, लॉन, स्वच्छ रस्ता, पाणी शुद्ध करून परत वापरायची यंत्रणा, सगळं असतं आणि बहुतेक वेळा ते खरंच चालू असतं. बघायचं असेल तर गेटपासून दोन-तीन किलोमीटर मागं या, सप्लायरचा जो सप्लायर आहे त्याच्या पत्र्याच्या शेडमागं. गाडी बनायला तिथं सुरुवात होते.

आमची आजोबांनी बांधलेली दगडी विहीर जमीन जाऊनही उरलेल्या तुकड्यात राहिली होती. एका पावसाळ्यानंतर तिच्यावर तवंग दिसायला लागला. आधी वाटलं पान कुजलं असेल. मग मेथी पिवळी पडली, वाफा भिजवला की दुसऱ्या दिवशी माती वर पांढरट खरपुडी धरायची. आणि म्हैस. आईनं बादली पुढं ठेवली, म्हशीनं नाक लावलं, फुस्स केलं आणि मान फिरवली. दोनदा, तीनदा. आई म्हणाली हिला कळलं, आपल्याला कळायचंय अजून. वरच्या बाजूला ओढ्याकाठी एक छोटं प्लेटिंगचं युनिट सुरू झालेलं, नाव घेत नाही, आता बंदही झालंय. अर्ज केला, पाहणीला माणसं आली तेव्हा ओढा कोरडा ठाक. त्यांनी विचारलं, पाणी आधी चांगलं होतं याचा काही कागद आहे का तुमच्याकडं. कागद कुठला असणार, आम्ही तर पीत होतो ते पाणी.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो. इथल्या लोकांनी आपापलं सांगा.

भोसरी_प्रेस

चांगला धागा. मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे, माझं स्वतःचं २२ कामगारांचं प्रेस शॉप आहे, आधी भोसरीत होतं, आता चाकण फेज दोनमध्ये. म्हणून राग न धरता वाचा.

भामाकाठ म्हणतात ते बरोबर आहे पण हे असं का होतं ते पण कळायला पाहिजे. मी थेट कार कंपनीला माल देत नाही, मी ज्याला देतो तो दुसऱ्याला देतो आणि तो कंपनीच्या लाइनला देतो. माझं पेमेंट नव्वद दिवसांनी येतं, कधी एकशेवीस. दरवर्षी रेट खाली द्यायचा असा करारच असतो, स्टील वाढो, वीज वाढो. एक ब्रॅकेट, वजन ८० ग्रॅम, त्यावर मला सुटतात ते पैसे, रुपये नाही. आणि शेड्यूल चुकलं, लाइन थांबली, की डेबिट नोट, म्हणजे नुकसानीची वजावट, माझ्या नावानं. अशा हिशोबात जो पार्ट मी प्लेटिंगला बाहेर देतो तो प्लेटिंगवाला स्वतःची ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) चोवीस तास चालवेल का? केमिकल, वीज, माणूस, गाळ उचलायचा खर्च. गाळ तर नियमानं रांजणगावला जातो, तिथं त्याची घातक कचऱ्याची व्यवस्था आहे, पण किलोवर पैसे भरावे लागतात. मग रात्री टँकर आणि ओढा. मी समर्थन करत नाहीये, मी बघितलंय म्हणून सांगतोय.

अजून एक. युरोपच्या नियमामुळं गाडीच्या पार्टवर हेक्झाव्हॅलंट क्रोमचं, म्हणजे जास्त विषारी क्रोमियमचं पॅसिव्हेशन (गंजू नये म्हणून दिलेला थर) चालत नाही, सगळ्यांनी ट्रायव्हॅलंटवर, म्हणजे कमी विषारी प्रकारावर बदललं. त्यासाठी माझ्याकडं रिपोर्ट मागतात, ऑडिटला माणूस येतो, पार्ट लॅबला जातो. म्हणजे पार्टवर काय आहे हे जर्मनीपर्यंत तपासलं जातं. पण तो पार्ट धुतलेलं पाणी कुठं गेलं हे मला आजपर्यंत एकाही ऑडिटरनं विचारलेलं नाही. माझ्या प्लेटिंगवाल्याच्या शेडमध्ये तर कुणी पाऊलसुद्धा ठेवलं नाही.

गोदाकाठ_७

मीच तो बिडकीनकडचा. भामाकाठ, एवढं वेळ काढून लिहिलंत, मनापासून आभार. आमच्याकडं डीएमआयसीत (दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात) जमिनी गेल्या त्या एकरी २३ लाखानं, त्याला आता बरीच वर्षं झाली. पैसा आला आणि गेला. टोयोटाचा करार जुलै २०२४ चा, २० हजार कोटी म्हणतात, ८ हजार थेट नोकऱ्या. पोरं आयटीआयला ॲडमिशन घेऊन बसलीत. वाळूज आणि शेंद्रा या इथल्या एमआयडीसी आम्ही बघितल्यात, स्कोडा २००१ पासून आहेच, पण चाकणइतकं मोठं आमच्याकडं झालं नव्हतं. मला दोनच गोष्टी विचारायच्यात, गावातल्या पोराला खरंच नोकरी लागते का, आणि पाण्याचं काय. आमच्याकडं जायकवाडी उशाला आणि नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, हे तुम्हाला माहीतच असेल.

उदगीरी

नोकरीचं मी सांगतो. मी उदगीरचा, आयटीआय फिटर, २०१६ ला चाकणला आलो ते एका सीट बनवणाऱ्या कंपनीत. नीमचा ट्रेनी म्हणून. नीम म्हणजे शिकाऊ योजना होती, कागदावर शिकायचं, प्रत्यक्षात लाइनवर पर्मनंट माणसाचंच काम करायचं, विद्यावेतन मिळायचं, पगार नाही, पीएफ नाही. ती संपली की कॉन्ट्रॅक्टर. कॉन्ट्रॅक्टरकडं सात महिने, मग ब्रेक, मग दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर त्याच मशीनवर. सहा वर्षांत माझी चार ओळखपत्रं झाली आणि मशीन एकच. शेजारी उभा असलेला पर्मनंट दादा माझ्या तिप्पट पगार घ्यायचा, माणूस चांगला होता, डबा द्यायचा, पण मनात राहायचंच.

गावातल्या पोराला नोकरी लागते का म्हणाल तर उलट आहे. लोकल पोरगं कॉन्ट्रॅक्टरला नको असतं. लोकल म्हणजे युनियन करणार, भांडणार, सणाला दांडी मारणार असं धरूनच चालतात. आम्ही मराठवाड्याचे, विदर्भाचे, नंतर बिहार-ओडिशाचे, आम्हाला खोलीचं भाडं द्यायचंय म्हणून आम्ही ओव्हरटाइमला नाही म्हणत नाही. तुमच्याकडं बिडकीनला उद्या हेच होईल, तुमची पोरं बसून राहतील आणि कुणी तिसराच येईल, आणि मग तुम्ही त्याच्यावर चिडाल. त्याच्यावर चिडू नका एवढंच सांगतो.

आणि प्रेस शॉपचं. भोसरी_प्रेस तुमचं माहीत नाही, पण मी एका ठिकाणी चार महिने होतो तिथं पॉवर प्रेसला दोन बटणं असतात ना, दोन्ही हातांनी दाबली तरच प्रेस खाली येते, त्यातलं एक चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं असायचं. का तर तासाचा नग वाढतो. माझ्या खोलीतल्या पोराची दोन बोटं गेली, उजव्या हाताची. त्या दिवशीच्या तारखेनं त्याचं ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड निघालं, तोवर नव्हतंच. आता तो परभणीला रसवंती चालवतो.

भोसरी_प्रेस

उदगीरी, वाचून पोटात कालवलं. माझ्याकडं बटणं चालू आहेत आणि लाइट कर्टनही (हात मध्ये आला की प्रेस थांबवणारा प्रकाशाचा पडदा) लावलाय, हप्त्यावर घेतला. पण तुम्ही सांगता ते मी शेजारच्या शेडांमध्ये बघितलंय, नाकारणार नाही.

सह्याद्री_माथा

सगळं मान्य करून एक विरोधी सूर. असं लिहून लिहूनच महाराष्ट्रातून कंपन्या जातात. फॉक्सकॉन-वेदांताचा चिपचा कारखाना तळेगावला येणार होता, २०२२ ला गुजरातला गेला. चाकणच्या ट्रॅफिकमुळं छोटे उद्योग बाहेर चाललेत अशा बातम्या येतात. तळेगावला जनरल मोटर्स बंद पडली तेव्हा काय हाल झाले विसरलात का? प्रदूषण आणि कामगारांचे प्रश्न सोडवू, पण आधी कंपनी टिकली पाहिजे.

भामाकाठ

जनरल मोटर्सचं नाव काढलंत ते बरं केलंत, कारण तो दाखला नेमका उलटा जातो. ती कंपनी कुणाच्या अर्जामुळं किंवा संपामुळं गेली नाही. २००८ ला तळेगावला सुरू झाली, गाड्या खपेनात म्हणून २०१७ ला इथली विक्रीच थांबवली, मग फक्त निर्यातीसाठी गाड्या बनवायची. जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी कारखाना विकायचं ठरलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये चिनी गुंतवणुकीवर केंद्रानं परवानगीची अट आणली, जूनमध्ये लडाखच्या सीमेवर गलवानची चकमक झाली, आणि तो सौदा अडकला तो अडकलाच. डिसेंबर २०२० ला शेवटची गाडी निघाली. चौदाशेच्या आसपास पर्मनंट कामगार. पुढं २०२३ मध्ये ह्युंदाईनं तो कारखाना घ्यायचा करार केला. मध्ये अडीच-तीन वर्षं नुसतं कुलूप.

म्हणजे निर्णय डेट्रॉइटमध्ये, अडचण लडाखमध्ये आणि रिकाम्या खोल्या तळेगावात. हे गावानं समजून घेतलं पाहिजे. कंपनी खूष राहावी म्हणून आपण ओढ्याबद्दल गप्प बसलो तरी ती जायची तेव्हा जाणारच, आणि ओढा मात्र आपल्याकडं राहणार.

ट्रॅफिकबद्दल पूर्ण सहमत. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक हे दोन चौक माणसाचं आयुष्य खातात. माझी बहीण सहा किलोमीटरवरून येते, दुसऱ्या शिफ्टला सव्वा तास लागतो कधी कधी. कंटेनर, ट्रेलर, कंपनीच्या बसेस आणि त्यात शाळेच्या व्हॅन. जस्ट इन टाइम म्हणजे कंपनीनं गोडाऊन ठेवायचं नाही, गरज पडेल तसा माल मागवायचा. मग ते गोडाऊन गेलं कुठं? पुणे-नाशिक हायवेवर उभं आहे, रांगेत, इंजिन चालू ठेवून.

आळंदीची_लेक

इंद्रायणीबद्दल कुणी लिहिलं नाही अजून म्हणून लिहिते. माहेर आळंदी. कार्तिकीच्या आधी घाटावर जो पांढरा फेस येतो त्याचे फोटो सगळ्यांनी बघितले असतील, वारकरी त्याच फेसात उतरतात, हातानं फेस बाजूला सारतात आणि डोकं बुडवतात. मी आजीला एकदा म्हटलं नको उतरू, ती म्हणाली माउलीच्या दारात आल्यावर पाणी कसं आहे ते बघायचं नसतं. तिला पायाला खाज सुटायची नंतर महिनाभर.

पण प्रामाणिकपणे सांगायचं तर सगळा दोष गाड्यांच्या कंपन्यांवर टाकून चालणार नाही. लोणावळ्यापासून खाली जेवढी गावं-शहरं आहेत त्यांचं सांडपाणी नदीतच येतं. आणि मध्ये चिखली-कुदळवाडी, तिथं भंगाराची मोठी वस्ती होती, पिंपरी-चिंचवड महापालिकेनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बुलडोझर लावून मोकळी केली. तिथं केमिकलचे रिकामे ड्रम धुतले जायचे, प्लास्टिक-वायर जाळली जायची. ते ड्रम यायचे कुठून हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. शेडं पाडली, भंगार निघतच आहे, ते आता अजून कुठंतरी गेलं असणार.

वोल्फ्सबुर्गहून

मूळ निगडीचा, सध्या जर्मनीत, ऑटोमोबाइलमध्येच आहे. इथला फरक सांगतो. फोक्सवॅगनमध्ये लोअर सॅक्सनी राज्य सरकारकडं २० टक्के मतं आहेत, आणि देखरेख मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींच्या. २०२४ च्या शेवटी कंपनी जर्मनीतले कारखाने बंद करायच्या गोष्टी बोलत होती, कामगारांनी लाक्षणिक संप केले, आणि डिसेंबरमध्ये तडजोड झाली. २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी होणार, पण सक्तीनं कुणाला काढायचं नाही, आणि लगेच कारखाना बंद नाही. कंपनी तीच. इथं कामगाराला टेबलावर खुर्ची आहे म्हणून ती वाटाघाटी करते. जर्मन माणूस मनानं मोठा आहे असं काही नाही, कायद्यानं खुर्ची दिलीय.

आणि प्रदूषणाचं म्हणाल तर फोक्सवॅगनचाच २०१५ चा डिझेल घोटाळा आठवा, चाचणीत धूर कमी दिसावा म्हणून गाडीत सॉफ्टवेअर बसवलं होतं. भारतातही ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या, हरित लवादानं २०१९ ला ५०० कोटींचा दंड लावला, सुप्रीम कोर्टानं सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. कागद नीट असले म्हणजे हवा नीट असते असं नाही हे या कंपनीनंच जगाला शिकवलं. म्हणून भामाकाठांच्या विहिरीसारखं होऊ नये यासाठी मोजमाप आपल्या हातात पाहिजे.

सह्याद्री_माथा

मुद्दे पटले. जनरल मोटर्सबद्दल माझी समजूत वेगळी होती, दुरुस्त केल्याबद्दल धन्यवाद. पण मग मोठ्या कंपन्यांची तपासणी होतच नाही असं म्हणायचंय का?

भामाकाठ

नाही नाही, होते की. २०२४ मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळानं मर्सिडीजच्या चाकणच्या कारखान्याला नोटीस दिली होती, कंपनीनं २५ लाखांची बँक गॅरंटी भरली, सगळ्या पेपरात आलं. मोठं नाव असलं की बातमी होते आणि मोठी कंपनी नावाला जपते, महिन्याभरात दुरुस्त करते. अडचण आहे ती दहा गुंठ्यातल्या शेडची, जिला नावच नाही, जी आज खराबवाडीला तर उद्या भांबोलीला. म्हणून माझं म्हणणं की पार्ट ज्याच्या गाडीवर बसतो त्यानं त्या पार्टचं पाणीसुद्धा आपलं धरावं. भोसरी_प्रेस यांनी सांगितलंच, पार्टवरचं क्रोम तपासायला माणूस येऊ शकतो तर नाला बघायला पण येऊ शकतो, पाचशे मीटरच जास्त चालायचंय.

गोदाकाठ, तुमच्या पाण्याच्या प्रश्नाबद्दल. आमच्याकडं भामा-आसखेड धरण आहे, त्याचं पाणी पाइपानं पुण्याच्या पूर्व भागाला गेलं, १ जानेवारी २०२१ पासून, आणि धरणग्रस्त त्याआधी कितीतरी दिवस रस्त्यावर बसले होते. तुम्ही जायकवाडीच्या पाण्याचा करार आत्ताच वाचून घ्या, कंपनीला किती, शहराला किती, आणि दुष्काळात आधी कुणाचं कापणार. पाऊस चांगला असताना हे कुणी विचारत नाही.

आणि जमिनीच्या पैशाचं. आमच्या घरी बंगला झाला, चारचाकी आली, दोन लग्नं झाली, चुलत्यांनी शिरूरकडं जमीन घेतली ती वादात निघाली. सात वर्षांत संपलं. ज्यांनी खोल्या बांधल्या ते तरले, पण त्या खोल्या म्हणजे दहा बाय दहाचं पत्र्याचं खुराडं, आठ खोल्यांत एक संडास, आणि त्याची टाकी भरली की ओढ्यातच. म्हणजे ओढा घाण करण्यात आमचेही हात आहेत, हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहायचा मला अधिकार नाही.

गोदाकाठ_७

सगळं दोनदा वाचलं, वडिलांना मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हशीचं ऐकून ते उठून बाहेर गेले. आमच्या शिवारात नऊ विहिरी चालू आहेत. कारखान्याचं काम पूर्ण व्हायच्या आधी पाण्याचा कागद करून ठेवायचा असेल तर नक्की काय करायचं? कुणाकडं न्यायचं, काय तपासा म्हणायचं?

भोसरी_प्रेस

हे मी सांगू शकतो, ऑडिटमुळं तोंडपाठ झालंय. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब बघा, संभाजीनगरात मिळेल. नुसतं पिण्याच्या पाण्याची तपासणी म्हणू नका, त्यात जंतू आणि क्षार बघून सोडून देतात. पीएच (आम्लता), टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, सल्फेट, नायट्रेट, तेल-ग्रीस, आणि धातू वेगळे सांगून लिहून घ्या: क्रोमियम, निकेल, झिंक, शिसं. धातूंसाठी प्लास्टिकची बाटली लॅबकडूनच मागा, तिच्यात आधीच थोडं नायट्रिक ॲसिड घालून देतात, ती विसळायची नाही. तेल-ग्रीससाठी काचेची बाटली. एका विहिरीचा खर्च काही हजार येईल, नऊ विहिरींची वर्गणी काढा.

भामाकाठ

त्यात भर. लॅबचा माणूसच बोलवा नमुना घ्यायला, म्हणजे उद्या कुणी म्हणणार नाही की तुम्हीच काहीतरी मिसळलं. पंचनामा करा, ग्रामसेवकाची आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांची सही, विहिरीचा गट नंबर, पाण्याची पातळी दोरीनं मोजून लिहा, तारखेसकट फोटो. भूजल सर्वेक्षण विभागाच्या निरीक्षण विहिरी असतात, त्यांच्या जुन्या नोंदी माहिती अधिकारात मागा, तुमच्या जवळची विहीर असेल तर वीस-तीस वर्षांची पातळी हाताला लागेल. एकदा उन्हाळ्यात, एकदा पावसाळ्यानंतर. रिपोर्टची एक प्रत ग्रामसभेच्या इतिवृत्ताला लावून घ्या, घरात ठेवलेली वाळवी खाते.

गोदाकाठ_७

लिहून घेतलं. रविवारी ग्रामसभा आहे, तिथं मांडतो. नऊपैकी सात जण आत्ताच फोनवर हो म्हणालेत, उरलेल्या दोन विहिरींची वर्गणी वडील भरतो म्हणतायत.